द्राक्षाचा ग्रुप खरंच कामाचा करायचा असेल तर

नाशिक जिल्ह्यात ज्याच्याकडे बाग आहे त्याच्या फोनमध्ये बागेचा एक तरी व्हॉट्सॲप ग्रुप असतोच, बऱ्याच जणांकडे चार-पाच असतात आणि त्यातले निम्मे म्यूट करून ठेवलेले. सकाळी गुड मॉर्निंगची फुलं, मग कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस, मग मधेच एका पानाचा फोटो आणि खाली "काय मारू?" एवढंच, त्याच्याखाली दहा जणांची दहा औषधं. संध्याकाळपर्यंत ते सगळं वर सरकून जातं, त्या पानाचं पुढे काय झालं कुणालाच कळत नाही. मग वैतागून कुणीतरी नवीन ग्रुप काढतो, "फक्त द्राक्ष" असं नाव देतो, आणि आठ दिवसांत तिथेही तीच फुलं.

माझ्या मते ग्रुप चालतो तो दोनच गोष्टींवर. एक म्हणजे प्रश्न पूर्ण विचारायचा आणि दुसरी म्हणजे नंतर परत येऊन काय झालं ते सांगायचं. ॲडमिन, नियम, सेटिंग हे सगळं त्याच्या नंतर येतं, म्हणून आधी प्रश्नाचंच बोलू.

प्रश्न कसा टाकायचा

बागेच्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे छाटणीचे दिवस, छाटणी होऊन किती दिवस झाले ते, आणि नेमकी तीच लोक लिहीत नाहीत. आपल्याच जिल्ह्यात बघा ना, सटाण्याकडे, कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यात अर्ली छाटण्या जुलै-ऑगस्टलाच सुरू होतात, दिंडोरी-निफाडला सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर. म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यात एकाच दिवशी एकाची बाग पोंग्यात असते, म्हणजे नुकते कोंब फुटत असतात, आणि दुसऱ्याच्या मण्यात पाणी उतरायला, म्हणजे मणी पिकायला, लागलेलं असतं, आणि दोघंही एकाच ग्रुपवर लिहितात "पाऊस झाला, काय घेऊ". पहिल्याला दिलेलं उत्तर दुसऱ्याने वाचून मारलं तर त्याचा माल काढणीला आलेला, औषधाचा पीएचआय (फवारणी आणि काढणीत ठेवायचं अंतर) संपायच्या आत तोडणी, आणि मग औषधाच्या अंशाचा रिपोर्ट फेल. उत्तर देणाऱ्याची त्यात काही चूक नाही, त्याला समोरची बाग दिसलीच नाही.

म्हणून एवढं तरी लिहायचंच: जात कोणती, छाटणीची तारीख किंवा आज कितवा दिवस, गाव किंवा शिवार, गेल्या आठ-दहा दिवसांत काय काय फवारलं, पाऊस किंवा दव किती आणि पान किती वेळ ओलं राहिलं, आणि माल कुठे द्यायचाय, एक्स्पोर्टला, लोकलला की बेदाण्याला. हे शेवटचं लोकांना जास्तीचं वाटतं पण उत्तर देणारा जाणकार असेल तर तो पहिलं हेच विचारतो.

फोटोचं पण तसंच. पानाचा एक फोटो टाकून उपयोग नाही, तेच पान उलटं करून दुसरा काढायचा. डावणी आणि भुरी हे बुरशीचे दोन रोग. डावणी असेल तर वरून तेलकट पिवळसर डाग दिसतो आणि खालच्या बाजूला पांढरी बुरशी, भुरी असेल तर राख भुरभुरल्यासारखं पांढरं पानाच्या वरच दिसतं. नुसता वरचा फोटो बघून भलेभले चुकतात. तिसरा फोटो चार पावलं मागे जाऊन पूर्ण वेलीचा किंवा ओळीचा, म्हणजे कडेलाच आहे की आतपर्यंत गेलंय ते कळतं. रात्री टॉर्च मारून काढलेले फोटो नका टाकू, त्यात सगळंच पांढरं दिसतं. आणि पाठवताना वर एचडीचं बटण येतं ते दाबा, नाहीतर व्हॉट्सॲप फोटो दाबून बारीक करतं आणि डाग कुठला अन् धूळ कुठली ते कळत नाही.

नमुना द्यायचा तर असा काहीतरी मेसेज:

"थॉमसन, छाटणी ४ ऑक्टोबर, आज ३२ वा दिवस, मोहाडी शिवार. परवा रात्री पाऊस, काल दुपारपर्यंत पान ओलं होतं. मागची फवारणी रविवारी, डब्याचा फोटो खाली टाकलाय. कडेच्या दोन ओळींत पानावर तेलकट डाग, उलट बाजूला पांढरं. माल एक्स्पोर्टचा. संध्याकाळी ५ ला फवारणीचा ब्लोअर लावणार, त्याआधी सांगा."

हे टाइप करायला दोन मिनिटं लागतात फार तर, आणि शेवटची ओळ फार कामाची आहे, कारण कधीपर्यंत उत्तर पाहिजे ते कळलं की लोक हातातलं काम सोडून लिहितात. ज्याला टाइप करायचा कंटाळा येतो किंवा चष्मा लागतो त्याने खुशाल व्हॉइस टाकावा, आपल्याकडे अर्धे नाना-आबा व्हॉइसवरच आहेत आणि त्यांच्याकडेच खरी माहिती असते. फक्त व्हॉइस नंतर शोधता येत नाही, म्हणून ग्रुपमधल्या एखाद्या पोराने त्याखाली दोन ओळीत लिहून ठेवायचं, "आबा म्हणतायत की...". हे काम करणारा एक जण ठरवून ठेवा, त्याच्यासारखा उपयोगी माणूस ग्रुपमध्ये दुसरा नाही, ॲडमिनसुद्धा नाही.

उत्तर देताना

उत्तर देणाऱ्याने पहिल्या ओळीतच सांगावं की हे स्वतः मारून बघितलंय की ऐकलंय. दोन्ही चालतं, पण वेगवेगळं आहे ते. आणि डोस लिहिताना पूर्ण लिहायचा, "दोनशे घ्या" म्हणजे काय? दोनशे ग्रॅम की मिली, एकराला की दोनशे लिटरच्या टाकीला की शंभर लिटरला? आपण रोज बोलतो तसं लिहितो आणि वाचणारा त्याच्या पद्धतीने समजतो. जीएच्या, म्हणजे मणी फुगवायच्या जिबरेलिक ॲसिडच्या, बाबतीत तर पीपीएम (दहा लाखात किती भाग) आणि ग्रॅम यात एवढा गोंधळ होतो की विचारू नका.

औषधाचं नाव सुचवताना एक्स्पोर्टवाल्यांसाठी एकच आधार धरायचा, पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची ॲनेक्श्चर ५ ची, म्हणजे द्राक्षावर चालणाऱ्या औषधांची यादी. ती यादी पीडीएफमध्ये मिळते, ती ग्रुपमध्ये पिन करून ठेवा आणि दर हंगामात नवीन आली का बघा. उगाच भीती घालत नाही, पण २०१० चा हंगाम ज्यांना आठवतो त्यांना माहितीये, युरोपात आपल्या द्राक्षात सीसीसीचे, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश निघाले आणि कंटेनर तिकडे अडकले. वाढ रोखायला सर्रास वापरायचे लोक ते, कुणाला वाटलंच नव्हतं की तिकडे ते तपासतील. तेव्हा व्हॉट्सॲप ग्रुप नव्हते, बांधावरून बांधावर सल्ला जायचा, आता तोच सल्ला एका मिनिटात तीन तालुक्यांत जातो, चांगला असला तरी जातो आणि वाईट असला तरी जातो. ग्रेपनेटवर, म्हणजे एक्स्पोर्टच्या बागांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, प्लॉटची नोंद तुमच्या नावाने असते, सल्ला देणाऱ्याच्या नावाने नसते, एवढं लक्षात ठेवून वाचायचं.

ग्रुपमध्ये औषध दुकानदार, कंपनीचे प्रतिनिधी, फी घेणारे सल्लागार असतातच. काही जण म्हणतात त्यांना काढून टाका. मला ते पटत नाही, त्यांच्यातल्या काहींना रोज पन्नास बागा बघून जी नजर आलेली असते ती आपल्याला एका बागेवर येणार नाही. पण नियम असा पाहिजे की जो विकतो त्याने नावापुढे तसं लिहायचं आणि स्वतःचा माल सुचवताना "हे माझ्या दुकानात आहे" असं सरळ म्हणायचं. असं म्हटलं की लोक उलट जास्त विश्वास ठेवतात.

आता चुकलेल्याला सांगायचं कसं, हा आपल्याकडचा नाजूक विषय. गावातले तात्या ग्रुपवर काहीतरी लिहितात, ते चुकीचं आहे हे चार पोरांना कळतं, पण तात्यांना ग्रुपवर चूक म्हणायचं म्हणजे उद्या पारावर तोंड कसं दाखवायचं. यात मी दोन भाग करतो. मताची गोष्ट असेल, म्हणजे डिपिंग (घड जीएच्या पाण्यात बुडवणं) कधी करावी, घडातल्या मण्यांची विरळणी किती करावी, तर "तात्या, आमच्याकडे जरा वेगळं झालं, आम्ही असं केलं होतं" एवढं लिहून सोडून द्यायचं, वाचणारे काय ते समजतात. पण डोसची चूक असेल, मिसळू नये ती दोन औषधं एकत्र सांगितली असतील, तर मानपान बाजूला ठेवून लगेच ग्रुपवरच लिहायचं, कारण कुणीतरी त्या क्षणाला टाकीत ओतत असतो. खाजगीत तात्यांना फोन करून, ते मान्य करून, मग ते दुरुस्ती टाकणार, तोवर ब्लोअर अर्ध्या बागेतून फिरलेला असतो. लिहिणाऱ्याला पाठवल्यापासून १५ मिनिटांच्या आत मेसेज बदलता येतो, त्यानंतर ॲडमिनने तो सगळ्यांसाठी डिलीट करावा आणि खाली का काढला ते लिहावं. नुसता डिलीट केला की लोकांना वाटतं भांडण झालं, आणि मग पर्सनलवर सुरू होतं "काय लिहिलं होतं रे".

निकाल

हे सगळ्यात कमी होतं आणि याचीच सगळ्यात जास्त किंमत आहे. सल्ला घेतला, मारलं, पाच-सहा दिवसांनी काय दिसलं ते कुणी परत येऊन लिहीतच नाही. आटोक्यात आलं तर माणूस पुढच्या कामाला लागतो आणि नाही आलं तर लाजेने गप्प बसतो. त्यामुळे ग्रुपवर सल्ल्यांचा ढीग असतो पण त्यातला कुठला लागू पडला ते कुणालाच माहीत नसतं, पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

यावर आम्ही काढलेला उपाय साधा आहे. निकालाचा मेसेज "निकाल" या शब्दानेच सुरू करायचा आणि आपल्याच जुन्या प्रश्नाला रिप्लाय म्हणून टाकायचा. "निकाल डावणी. डाग वाढले नाहीत, नवीन पान स्वच्छ, कडेच्या ओळीत दोन घड गेले." बास. पुढे कुणालाही ग्रुपमध्ये सर्चला "निकाल डावणी" टाकलं की सगळे एका खाली एक मिळतात. जे गप्प बसतात त्यांना ॲडमिनने पाच दिवसांनी फोन करायचा, मेसेज नाही, फोन. "काय झालं ओ त्या बागेचं?" फोनवर माणूस सगळं खरं सांगतो, मग विचारायचं की ग्रुपवर टाकू का, नाव न घेता. बहुतेक जण हो म्हणतात. बिघडलेल्या बागेची माहिती तर चांगल्या बागेपेक्षा जास्त कामाची असते हो, पण ती अशी मागून घ्यावी लागते.

ज्यांना जमेल त्यांनी याची एक गूगल शीट करून ठेवावी, तारीख, जात, दिवस, त्रास काय, काय केलं, काय झालं, एवढेच कॉलम. लिंक सगळ्यांना बघायला द्या पण लिहायचा हक्क दोघा-तिघांनाच, नाहीतर कुणाचा तरी अंगठा लागतो आणि पूर्ण कॉलम साफ.

आणि एक, सगळे लिहीत नाहीत म्हणून चिडू नका. जेकब नीलसन नावाच्या माणसाने २००६ मध्ये ऑनलाइन समूहांबद्दल एक ठोकताळा मांडला होता, साधारण ९० टक्के लोक नुसते वाचतात, ९ टक्के कधीमधी लिहितात आणि १ टक्काच बहुतेक सगळं लिहितो. आपले ग्रुप बघितले तर काही फार वेगळं दिसत नाही. नुसतं वाचणारा पण बागेत जाऊन ते वापरतोच की. फक्त बायकांचं वेगळं आहे, कितीतरी ठिकाणी बाग खरी ताईच बघतात पण ग्रुपमध्ये नंबर नवऱ्याचा, किंवा स्वतः असल्या तरी लिहीत नाहीत, कारण शेकडो अनोळखी लोकांना नंबर दिसतो आणि मग रात्री हाय-हॅलो येतं. असा मेसेज करणाऱ्याला पहिल्याच वेळी काढा, समज वगैरे देत बसू नका. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो, बायकांचा वेगळा ग्रुप करायचा असेल तर ते बरं पडेल.

ग्रुप मोठा झाला की

व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये १०२४ पर्यंत माणसं घेता येतात पण घेता येतात म्हणून घेऊ नका. दोनशेच्या पुढे गेला की ओळख संपते आणि ओळख संपली की लोक एक तर गप्प होतात नाहीतर भांडतात. लोक साधारण गावावरून तुकडे करतात, मी म्हणेन छाटणीच्या आठवड्यावरून करा. कम्युनिटी करून त्यात ऑगस्टवाले, सप्टेंबर अखेरवाले, दसऱ्यानंतरचे असे ग्रुप केले की सगळ्यांच्या बागा एकाच अवस्थेत असतात, एकाचा प्रश्न सगळ्यांचा असतो. आणि ऑगस्टवाल्यांच्या ग्रुपमधलं चांगलं काही असेल तर ते मागच्या ग्रुपात टाकायचं, मागच्यांना दीड-दोन महिने आधीच कळतं की यंदा काय येणारे.

ॲडमिन तीन ठेवा, तीन गावांचे, आणि शक्यतो तीन पक्षांचे. गंमत नाही, निवडणुकीत फार उपयोग होतो. बरेच जण ॲडमिन व्हायला घाबरतात, कुणी काही वेडंवाकडं टाकलं तर पोलीस आपल्याला उचलतील म्हणून. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय की सदस्याने टाकलेल्या मजकुराबद्दल, त्यात ॲडमिनचा हात किंवा आधीपासूनचं संगनमत नसेल तर, केवळ तो ॲडमिन आहे म्हणून त्याला गुन्हेगार धरता येत नाही. तरी दिसल्यावर काढून टाकावं, ते आपलं कामच आहे.

गुड मॉर्निंग बंद करण्यासाठी लढू नका, हरता. एक वेगळा गप्पांचा ग्रुप काढून द्या, तिथे फुलं, मिसळ, राजकारण, कीर्तनाच्या लिंका सगळं चालू द्या. बागेच्या ग्रुपवर फूल आलं की ॲडमिनने काही न बोलता डिलीट करायचं, आठवडाभरात सवय लागते.

हवामानाच्या फॉरवर्डवर मात्र कडक राहा. जानेवारी-फेब्रुवारीत गारपिटीचा एक व्हिडिओ फिरतो आणि अर्धा तालुका घाबरून कच्चा माल मिळेल त्या भावाने देऊन मोकळा होतो, व्हिडिओ मात्र भलत्याच जिल्ह्यातला आणि भलत्याच वर्षीचा. मेसेजवर दोन बाणांची खूण दिसली म्हणजे तो पुष्कळ हातांतून फिरून आलेला आहे, असा मेसेज २०२० पासून एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवता येतो, तरी लोक चिकाटीने एकेक करून पाठवतातच. नियम करा की हवामानाचं काही टाकायचं तर हवामान खात्याचा अंदाज किंवा मेघदूत ॲपमधला आपल्या भागाचा स्क्रीनशॉट, तारखेसकट. थंडीचं पण तेच, निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्राचा आकडा धरा. गाडीच्या डिस्प्लेवर दिसलेलं तापमान टाकून "आपल्याकडे दोनवर आलं" म्हणणारे असतात, त्यावरून लोक पहाटे तीनला बागेत शेकोट्या पेटवायला उठतात हो.

टोळ्या आणि व्यापारी

ग्रुपचा उपयोग फक्त रोगाला नाही, खरा पैसा वाचतो तो मजुरांच्या तारखा जुळवण्यात. छाटणी, डिपिंग, विरळणी सगळ्यांची एकाच पंधरवड्यात येते आणि पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या टोळ्या तेवढ्याच. ग्रुपवर पोल टाका, कुणाला कोणत्या तारखांना किती माणसं लागतील, मग त्यावरून टोळी एका बागेतून शेजारच्या बागेत अशी फिरवता येते, मुकादमाचाही गाडीखर्च वाचतो. मुकादमाला त्या ग्रुपमध्ये घ्या, त्याच्याशिवाय ठरवलेल्या तारखा कागदावरच राहतात. आणि ग्रुपवर तारीख ठरल्यानंतर गुपचूप जास्त रोज देऊन टोळी पळवणाऱ्याला पुढच्या वर्षी पोलमध्ये घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे, कुणाला राग आला तरी.

व्यापाऱ्यांच्या बाबतीत जपून. माल नेला आणि पैसे बुडवून पळाला, हे आपल्या जिल्ह्याला नवीन नाही, आणि ग्रुपवर लगेच फोटो, गाडी नंबर, आधार कार्ड, शिव्या सगळं पडतं. आधार कार्ड कुणाचंच टाकू नका. ज्याचे पैसे अडकलेत त्याने स्वतःच्या नावाने, तारीख, किती माल, किती रक्कम बाकी, एवढंच लिहायचं, "चोर आहे" वगैरे नाही, कारण कधी कधी चेक दोन दिवसांनी वटतो आणि मग त्या माणसाचं नाव खराब झालेलं परत येत नाही. ऐकीव नाव तर टाकायचंच नाही. पण त्याच व्यापाऱ्याकडे अडकलेले आणखी कुणी असतील तर त्यांनी ग्रुपवर चर्चा न करता एकमेकांना फोन करून, पावत्या, वजनाच्या चिठ्ठ्या आणि चॅटचे स्क्रीनशॉट घेऊन पोलिसांकडे एकत्र जावं, अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. सौदा ठरतानाच व्यापाऱ्याला व्हॉट्सॲपवर भाव, तोडणीची तारीख आणि पैसे कधी देणार ते लिहून पाठवायचं आणि त्याच्याकडून "ओके" घ्यायचं, ही सवय ग्रुपने सगळ्यांना लावली तरी पुष्कळ झालं.

हंगाम संपला की एप्रिलच्या खरड छाटणीच्या आधी एक दिवस काढा. "निकाल" सर्च करून जे शीटमध्ये राहिलं असेल ते भरून टाका, चॅट एक्स्पोर्ट करून कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर ठेवा, कारण फोन बदलला किंवा पाण्यात पडला की सगळं जातं. नंबर बदललेले, दोनदा आलेले काढा. पण गेल्या काही वर्षांत ज्यांनी बागा तोडल्या त्यांना काढू नका, ते स्वतःहून लेफ्ट होतात तेव्हा पण फोन करून थांबवा. ज्याने पंधरा वर्षं थॉमसन सांभाळून शेवटी कुऱ्हाड लावली, तो नवीन लावणाऱ्याला रूटस्टॉकपासून, म्हणजे कलमाच्या खुंटापासून, पाण्याच्या क्षारापर्यंत जे सांगेल ते दुसरं कुणी सांगणार नाही, आणि त्याला आता कुणाला काही विकायचंही नसतं.